त्रास काही नाही

रक्ततपासणीच्या रांगेत एक वयस्क जोडपं उभं होतं.

“चल, घरी जाऊ. लेकीकडचे डॉक्टर म्हणाले, त्रास नसेल तर प्रोस्टेटची तपासणी कशाला? इथले म्हणतात, पन्नाशी उलटली की दरवर्षी करा. कुणाचं ऐकायचं माणसानं?”

“तिथे त्रास नाही म्हणून सांगितलंत?”

“नाहीच.”

“रात्रीत चार वेळा लघवीला उठता, ते?”

“अगं, ते वय.”

“तुमचे मोठे भाऊही वयच म्हणत राहिले. कॅन्सर हाडांत गेला, तेव्हा दवाखाना आठवला. हे तरी सांगितलंत?”

“परक्यांना घरातलं कशाला सांगायचं?”

“डॉक्टरांना?”

“अगं, निघालीस कुठे?”

“इथल्या डॉक्टरांना सांगायला. तुम्हाला त्रास नाही ना? मग उभे राहा रांगेत.”