जिन्यातला पाईप

थांबा हो उस्ताद, करवत जरा खाली ठेवा. नाही, नाही, माझं मन काय बदलतंय — खूण बरोबर केलीय ना, तेवढंच बघतो. म्हणजे इथून कापायचं, जिन्याच्या या वळणावर. वरचा तुकडा आमच्या नव्या बॉयलरला, खालचा इस्कंदरदादाच्या नव्या बॉयलरला, आणि मधली दोन्ही तोंडं कायमची बंद. बरोबर. अगदी बरोबर. तळघरातलं ते जुनं धूड दोन्ही मजले तापवता तापवता म्हातारं झालं, वर्षभर गळत होतं, त्याला जावंच लागणार. पण पाईपला काय झालंय? पाईप चांगला आहे. बघा, ठणठणीत वाजतो. ते असू दे, तुम्हाला काम आहे. तरी पेन्सिलीची खूण बोटभर वर वाटते का? नाही वाटत? बरं.

खरं सांगायचं तर हे सगळं माझ्या जिभेनं केलंय. तुम्ही होतातच की अंगणात. तुम्ही विचारलंत, एक मोठा बसवू दोन्ही भावांना मिळून, की दोन लहान? साधा प्रश्न. पण उस्ताद, मी सगळा जन्म बाजारात कापड विकलं. भाव सांगायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचं, 'पैसे राहू द्या, दुकान तुमचंच आहे' — आणि गिऱ्हाइकानं म्हणायचं, छे छे, असं कसं. आमच्या या हमादान शहरात दुसरं काय करतात? एकदा एक खेडूत खरंच 'बरं' म्हणाला आणि पडद्याचं अख्खं कापड काखोटीला मारून चालू लागला. मी काय केलं असेल? दारापर्यंत पोचवायला गेलो त्याला. वर 'पुन्हा या' म्हणालो. आमची मेहेरांगीझ प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगते, नवऱ्याची अब्रू काढायला तिला नवी गोष्ट लागतच नाही.

तर त्याच जिभेनं अंगणात म्हणालो, 'दादाला आमचं ओझं कशाला? आमचं वेगळं करा, त्याला मोकळं राहू दे.' आता यावर थोरल्या भावानं काय म्हणायचं असतं? 'फरामर्झ, वेड लागलं का तुला?' असं म्हणायचं असतं. मग मी पुन्हा आग्रह करणार, तो पुन्हा झिडकारणार, शेवटी मी हरलो असं दाखवणार आणि मोठा एकच बॉयलर यायचा — रीतच आहे ना ही? पोराटोरांना कळते. आणि तो काय म्हणाला? 'तुझ्या मनासारखं होऊ दे.' एवढं म्हणून आत गेला. मी तिथं उभा, खेडूत गेल्यावर दुकानात उभा होतो तसा. तुम्ही वहीत दोन लिहिले. मी म्हणालो, वा, छान झालं. छान झालं म्हणालो मी!

तेव्हापासून दादा शुक्रवारी जेवायला वर येत नाही. मेहेरांगीझ आशचा वाडगा खाली देऊन येते, शेवया घातलेलं घट्ट सूप, त्याला आवडतं तसं. तो वाडगा धुऊन, बदाम भरून जिन्यात ठेवतो. भेटला की हसतो, तब्येत विचारतो, आमच्या लेकीचं, निगारचं विचारतो. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं, पण असल्या गोड वागण्याला पकडायचं कुठून? वहिनी गेल्यापासून एकटाच असतो, उस्ताद. त्याला वाटत असणार, धाकट्यानं सभ्यपणे वेगळं काढलं मला. आणि मला वाटतंय, त्यालाच मी नकोसा झालो. मी आधी बोलावं तरी कसं?

असो. तुमचं पाईपांतलं पाणी काढून झालं ना? केवढं काळं होतं, बाप रे, डांबरच. आता धुऊन स्वच्छ होईल. पण गाळ होता तरी आमच्याकडे ऊब काय होती सांगू. अल्वंद डोंगरावर बर्फ पडलं तरी आमची खिडकी किलकिली. ते माझं कसब. पानगळ सुरू झाली की मी चावी घेऊन खोल्याखोल्यांतून रेडिएटरची अडकलेली हवा काढत फिरायचो, डॉक्टर नाडी बघतो तसा. दादा खाली कोट घालून बसायचा आणि मी त्याला शिकवायचो, तुला हवा काढता येत नाही म्हणून. तो म्हणायचा, 'मला उकडतं रे फार.' कोट घालून! आम्ही हसायचो, म्हातारपण म्हणायचो.

काय म्हणालात? खालचे व्हॉल्व्ह? दादाच्या रेडिएटरचे? कसे होते?

जेमतेम उघडे. सगळे? स्वयंपाकघरातला सोडून सगळे. बिघडले असतील. नाही? गंजून तसेच बसलेत, म्हणजे फार वर्षांचे. फिरवायला गेलात तर एक हातात आला. मग त्यानं काय होतं? थांबा, नका सांगू. गरम पाणी आधी खालच्या मजल्याला लागतं, तिथं वाट आवळली की सगळं वर येतं. आमच्याकडे.

निगारला लहानपणी दमा होता. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला थंडी लागू देऊ नका. तेव्हा वहिनी होती, दोघांनी मिळून आवळले असतील. पोरगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन इस्फहानला गेली, आणि यानं परत उघडलेच नाहीत. आणि मी त्या कोटातल्या माणसाला कसब शिकवत होतो. त्याला अंगणात, परक्या माणसासमोर, म्हणालो मोकळा हो. लाज वाटते हो. खरंच फार लाज वाटते.

नाही, कापू नका. मोठा एकच बसवा, खालचे व्हॉल्व्ह नवे घाला, पूर्ण उघडे ठेवा. दादाला विचारायला कोण जाणार? विचारायचंच नाही. विचारलं की तो परत 'तुझ्या मनासारखं' म्हणेल आणि मी परत 'नाही, तुझ्या' म्हणेन, दोघंही थंडीनं मरू. मी खाली जातो आणि म्हणतो, दादा, मला वेगळं व्हायचं नाही. एवढंच. माफी नाही, गोडगोड नाही. असं नागडं वाक्य मी उभ्या जन्मात बोललो नाही, जमेल का कोण जाणे.

तुम्ही निघा आता. उद्या या. नाही, चहाचं विचारत नाही आज. विचारलं तर तुम्ही नको म्हणणार, मी घ्याच म्हणणार, आणि तोवर माझा धीर जाईल. अहो, निघा ना. दार उघडंच राहू द्या.