काळी घ्या, राखाडी नको

— नाही नाही, बसा तुम्ही, तुमच्यामुळं माझं काही अडत नाही. मी मागची सीट पुसतेय, तुम्ही पुढं बसलाय, तो चावी आणायला आत गेलाय, त्याला दहा मिनिटं लागतातच. आणि एवढं लाजत काय विचारताय? ‘मावशी, या दोन्हीतली रोजच्याला कुठली बरी’ — विचारलंत ना, मग ऐका. विकणारा तुम्हाला किती सेकंदात शंभरचा वेग ते सांगेल. रोज शंभरनं जाणार कुठं तुम्ही, सिग्नलला? मी चौथी शिकलेली बाई, इंजिनातलं मला ढेकळाएवढं कळत नाही, पण एकोणीस वर्षं या शोरूममध्ये गाड्या आतून पुसतेय. गाडी बाहेरून दाखवायची असते आणि आतून वापरायची असते, आणि आतलं सगळं माझ्या फडक्याला माहीत.

ती बाहेर उभी आहे ना काळी, ती भांडखोर. चालू केली की गल्ली उठवते. सीट अशी आवळते की बरगड्या मोजून घ्या. गतिरोधक आला की हनुवटी घासते, खड्ड्यात गेली तर पाठीचा मणकान् मणका हजेरी देतो. म्हाताऱ्या आईला बसवलंत तर उतरताना शिव्या देईल — तुम्हाला नाही, गाडीला. तरी काळी घ्या. आणि ही राखाडी, जिच्यात आपण बसलोय — ही गोडबोली. लोण्यात सुरी फिरावी तशी चालते, काचा दुहेरी, दार लावलं की जग बंद. बाहेर बँड वाजू दे, आत काही नाही. आत काहीही होऊ दे, बाहेर काही नाही. म्हणून नको. काळीत बसलेलं माणूस ओरडलं तर निदान शेजारच्या स्कूटरवाल्याला तरी ऐकू जाईल.

हसताय. हसा. — कोण ओरडणार? बायको ओरडते, दुसरं कोण ओरडतं गाडीत? तुमची नाही हो, तुमची कशाला ओरडेल, तुम्ही भले दिसताय. भला तर तोही दिसतो. तो चावी आणायला गेलेला, टाय लावलेला, ‘सर सर’ करणारा — जावई आहे माझा. अहो, दचकू नका, आवाज जात नाही म्हटलं ना या गाडीतून. मीच स्थळ आणलं. इथंच बघितला, पोरीला दाखवला, म्हटलं नीट बोलतो, नखं स्वच्छ असतात. नखं बघून पोरगी दिली मी! अक्कल गहाण टाकली आणि पावतीपण घेतली नाही.

आमच्याकडं पद्धत अशी, की दाखवायच्या गाड्या नुसत्या उभ्या ठेवायच्या नाहीत, बॅटरी बसते. मग विकणारे पाळीपाळीनं घरी नेतात, सकाळी आणून लावतात, आणि उघडल्याबरोबर पहिली तीच गाडी मी पुसते. त्याला कायम राखाडीच हवी. पोरगी चष्म्याच्या दुकानात होती, संध्याकाळी तिला घ्यायला जायचा, बावीस मिनिटांचा रस्ता. लोक म्हणायचे, बाईनं नशीब काढलं, मुलगी महाराणीसारखी घरी येते. आणि मी सकाळी गाडी उघडली की डाव्या सीटच्या शिवणीत लाल ठिपके. कधी पट्ट्यावर, कधी दाराच्या कप्प्यात. तो म्हणायचा, ‘आई, काल टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाचं पोर होतं, त्याचा घोळणा फुटला.’ खरं वाटलं मला. का वाटू नये? पोरांचे घोळणे फुटतात. रक्ताला गरम पाणी घालायचं नाही, लक्षात ठेवा, कातड्यात शिजून बसतं. गार पाणी, जरासं मीठ, मऊ ब्रश, शिवणीच्या कडेकडेनं. असं काढायचे की मालक म्हणायचा, ‘मावशी, तुमच्या हातात जादू आहे.’ मान ताठ करून फिरायचे मी! पाच महिने. पाच महिने माझ्याच पोरीचं रक्त माझ्याच हातानं धूत होते, आणि वर शाबासकी घेत होते.

ती? ती फोनवर म्हणायची, दातांचं काम चाललंय गं, बोलता येत नाही. मग एकदा सीटच्या रुळात ब्रश अडकला. चिमट्यानं काढलं तर दात. पुढचा, कोपऱ्यातून तुटका. तो कोपरा कसा तुटला ते मला माहीत — नऊ वर्षांची असताना हापशाच्या दांड्यावर आपटली होती, मीच तिच्या तोंडात पदर कोंबून दवाखान्यात पळाले होते. तळहातावर घेऊन बसले मी तो दात. इथंच, खाली, चाकाला टेकून. रडले नाही. रडायचं काय, पुसायची बारा मॅट बाकी होती. आणि मग हिशेब लागला, की स्टिअरिंग उजव्या हातात, म्हणजे मारत असणार डाव्यानं. सिग्नलला गाडी थांबली की.

या गाडीच्या दारांना एक कौतुक आहे, बघितलंत? आपटायला लागत नाहीत. बोटभर उघडी राहिली की स्वतःच ओढून घेतात, हळूच, बिनआवाज. मी म्हटलं, ‘जावईबापू, इकडं या, या दाराच्या खांबाचं रबर फाटलंय, मालक मला धरेल.’ तो वाकला, डावा हात टेकवला खांबावर, बोटं आत. मी दार नुसतं लोटलं. तेवढंच. पुढचं गाडीनं केलं. हाडाचा आवाज कसा येतो माहितीय? वाळलेल्या शेंगेसारखा. चावी माझ्या खिशात, कुलूप दाबलं, शेजारी व्हॅक्यूम चालू होता, तो बंद केला नाही. तो ओरडत होता, मी बोनेट पुसत होते. पूर्ण पुसलं, वर लोगोपण. मग त्याच्या तोंडाजवळ गेले, दात दाखवला, म्हटलं, ‘कळलं ना?’ मग उघडलं. तीन बोटं गेली. रिपोर्टात त्यानंच लिहून दिलं, दार चुकून लागलं. नाही लिहिणार तर काय लिहील? का लोटलं ते सांगावं लागलं असतं.

तुमचं तोंड का उतरलं? रोजच्या वापराचंच सांगतेय की मी.

पोरीला त्याच दिवशी त्याच्या घरातून काढलं, त्याला कळू न देता दुसरीकडं ठेवलं. काम मात्र सोडलं नाही कुणीच. मी सोडलं तर तो माझ्या मागं फिरेल, इथं आहे तोवर डोळ्यांसमोर आहे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन येतो, हळूच विचारतो, ‘कुठंय ती?’ मी म्हणते, ‘पाय उचला, फरशी ओली आहे.’ अकरा महिने झाले. आणि पोरगी सुखात आहे हो, अंगावर मांस आलंय, बिस्किटाच्या कारखान्यात लागलीय, साडेचारला सुटते, समोरच्याच बसथांब्यावर मैत्रिणींशी खिदळत उभी असते, तो नवा दात दाखवत —

काय म्हणालात?

तुमचं ऑफिस त्याच रस्त्याला? रोज तिथून जाता?

थांबा. एक मिनिट. हे त्याला सांगितलंत? कुठून कुठं जाता ते? — हो, ते विचारतातच, टेस्ट ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या रोजच्या रस्त्यानंच करतात, म्हणजे गाडी पटते. आणि तो शेजारी बसणार. डावीकडं. बसथांबा म्हणजे त्याच्याच बाजूला. किती वाजले? चार? बरोबर चार?

देवा, जीभ झडावी माझी.

ऐक रे, आता अहोजाहो बास. तू आज गाडी चालवायची नाहीस. काळी नाही, राखाडी नाही, कुठलीच नाही. उद्या ये, सकाळी ये, दुसऱ्या रस्त्यानं ने, पाहिजे तर दोन्ही घे. तुझी नंबरप्लेट मी पाठ केलीय, आलास तेव्हाच, सवय आहे माझी. त्या थांब्यावर ही गाडी जर हळू झाली ना, तर तुझ्या घरचं दार मी शोधून काढीन, आणि माझ्या खिशात तो दात अजून आहे हे विसरू नकोस. पाया पडते तुझ्या. दोन्ही एकदमच समज, धमकीपण आणि पाया पडणंपण.

आला. हाताकडं बघू नकोस त्याच्या. उतर. माझ्याकडं बघू नकोस, पोट धर.

— या, जावईबापू. चावी राहू द्या. साहेबांच्या पोटात कळ आलीय, घरी निघालेत. आज जमणार नाही म्हणतायत. हो ना, साहेब?

अहो, हो ना?