निळ्या माणसाची झोप

—सरी, बरं, पण तेवढी कॉफी तरी संपवा, खोली कुठं पळून जात नाही. जयनगरात एवढी हवेशीर खोली, तीही मराठी माणसाच्या घरात — पुण्याला आईला कळवा, कौशल्याअक्काकडं आहे म्हणून, निर्धास्त होतील. भिंतीपलीकडचं घर ना? ते विकलं. कनकवल्लीचं होतं, तमिळ बाई. आता तिचं नावसुद्धा काढवत नाही मला — पण विचारलंत म्हणून सांगते.

दर रविवारी लेकीला घेऊन माझ्याकडं टीव्ही बघायला यायची. अवकाशातली इंग्लिश मालिका लागायची, मला कुठलं कळतंय — ती कन्नडात सांगायची. एका भागात दोन शत्रू, एक आपल्यासारखा, एक निळ्या कातडीचा, उजाड ग्रहावर अडकतात. थंडी अशी की एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागून शेकोटी सांभाळायची. आणि बंदूक एकच! मी म्हटलं, त्या निळ्याचा काय भरवसा, गळा कापेल याचा. तर निळ्यानंच बंदूक याच्या हातात दिली आणि खुशाल घोरायला लागला. आम्ही दोघी रडलो हो. कनकवल्ली म्हणाली, अक्का, झोप लागावी असा शेजार मिळायला नशीब लागतं.

त्याच डिसेंबरात, एक्क्याण्णव साली, कावेरीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ भांडण लागून शहर पेटलं. तमिळांची दुकानं जळत होती. तेव्हा मायलेकींना मागच्या दारानं आत कुणी घेतलं? मी! तुम्ही बघितलीत ना, त्याच खोलीत गादी घातली, म्हटलं, पडा स्वल्प. दारात घोळका आला, तर ठणकावून सांगितलं — हे मराठ्यांचं घर, इथं तमिळ कुणी नाही. गेले. म्हणजे माझ्या लेकानं, शंभूराजनंच नेलं त्यांना पुढं — तो होता ना त्यांच्यात. पोरांबरोबर हिंडायचा, एवढंच हो. त्याला काय भ्यायचं? तिच्याच हातच्या इडल्या खाऊन वाढलेला.

संध्याकाळी पोलिसांची गाडी आली, दोघी गेल्या. मी गादी आवरायला घेतली — तर उशीखाली माझी सुरी! माझी, कांदे चिरायची! स्वैपाकघरातून येतानाच उचलली असणार. चादरीला सुरकुती नाही, पाठ टेकली नव्हती बाईनं. माझ्या घरात, माझ्यासाठी सुरी? काळजाला घरं पडली माझ्या. एवढी वर्षं जिला सख्खी मानली, तिनं मला हे समजावं?

मी? मी कशाला झोपते — मी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते, किल्ली कमरेला. कुलूप घालावंच लागलं हो. ती बाहेर आली असती, शंभूनं बघितलं असतं तर — आणि भ्यालेल्या माणसाचा काय नेम, त्यातून ती माणसं — म्हणजे तसं नव्हे. आतून हाका मारत होती, अक्का, कुलूप काढा, पोरगी घाबरलीय. मी नाही काढलं. तिच्याच भल्यासाठी की!

काय म्हणालात? आतली कडी? नाही. त्या खोलीला आतून कडी कधीच नव्हती.

असं का बघताय माझ्याकडं? ठेवा ती कॉफी. निघा तुम्ही. मला नाही द्यायची खोली.