शेठच्या कोंबड्या, मोतीरामची चूल

...आणि वर मला म्हणतो कसा, "त्यांना पाय हायत रं, पण पायाखाली जमीन नाय." अहो, कोंबडी हाय ती, सासरी निघालेली पोर हाय का? पण नाय, हा डोळे मिटून सुस्कारा सोडणार आणि समोरचा माणूस चहा पिता पिता उगाच चोरासारखा खाली बघणार. हा मोतीराम म्हणजे आमच्या निडीकडच्या गोरखशेठच्या पोल्ट्रीवरचा गडी. शेड झाडतो, दाणा टाकतो, अंडी गोळा करतो, आणि घर त्याचं पोल्ट्रीच्या कुंपणापलीकडं, एक बांध ओलांडला की आलंच. बरं, दिवस कुठले? पोपटीचे. वालाच्या शेंगा भरल्यात, संध्याकाळ झाली की शेताशेतात पोपट्या लागतायत, जाळात भाजायच्या शेंगांच्या मडक्यात कोणी अंडी टाकतोय, कोणी कोंबडी टाकतोय, आणि अशा दिवसांत कोंबडीचं भलं चिंतणारा माणूस रोह्यापासून पेणपर्यंत हा एकटा. तुम्हाला सांगतो, माणसानं स्वप्नं बघावीत, नाय कोण म्हणतो, पण कोंबड्यांची?

आता पोल्ट्रीतला पिंजरा तुम्ही बघितला असेल, नसेल तर ऐका. सगळी तार. खालची तार उतरती, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत पुढच्या पन्हाळीत, कोंबडीनं घातलं आणि कोंबडीनंच बघितलं नाय असं ते अंडं. एकेका खणात चारचौघी दाटीवाटीनं, पंख उघडायचा म्हटला तर शेजारणीच्या तोंडावर, आणि नखं वाढून वाढून तारेला वेटोळं घालतात. मोतीराम वर्षानुवर्षं त्या गल्लीतून ट्रे घेऊन फिरला, आणि कधी कोण जाणे, त्याच्या मनानं ते घेतलं. दुपारी भाकर खाल्ली की दाण्याच्या गोणीवर आडवा, की लागलंच स्वप्न. काय स्वप्न? तर कोंबड्या चालल्यात. बस, एवढंच. धुकं हाय, वालाला फुलं हायत, आणि बांधावरून पांढऱ्या कोंबड्या एकीमागं एक चालल्यात, घाई नाय, कलकलाट नाय, मधेच एक थांबते, माती उकरते, पुढची मागं वळून तिची वाट बघते... मी म्हटलं, "मग पुढं?" म्हणतो, "पुढं काय, चालल्यात." आता ह्याला स्वप्न म्हणायचं? माणसाला स्वप्नात लॉटरी लागते, देव दिसतो, गेलेला बाप येऊन बोलतो. ह्याच्या स्वप्नात कोंबडी चालते.

आणि मग तुम्हाला सांगतो, ह्याचं नशीब असं, की अलिबागकडच्या कुठल्याशा हॉटेलवाल्यानं गोरखशेठला कळवलं, आम्हाला मोकळ्या कोंबड्यांचीच अंडी पाहिजेत, पिंजऱ्यातली नको, आमचं गिऱ्हाईक विचारतं. गोरखशेठ पोल्ट्रीच्या दारात उभा राहून तासभर ओरडत होता, "गिऱ्हाईक अंड्याला विचारतं का, बाळा तू कुठं राहात होतंस?" पण मागणी मोठी, म्हणून मुकाट नवीन शेड बांधली. खाली भाताचं तूस, बसायला बांबूच्या दांड्या, अंडी घालायला आडोशाचे खोके, वर पंखे, आणि शेताकडं उघडणारं मोठं दार. शेठच्या स्वतःच्या घराला एवढं मोठं दार नाय.

एक तुकडी पिंजऱ्यातून काढून त्या तुसावर ठेवली. आणि... काय नाय. उभ्या. जिथं ठेवल्या तिथं, पिंजऱ्याएवढी जागा धरून, एकमेकींना चिकटून उभ्या. दार सताड उघडं, बाहेर ऊन, वालाचं शेत, आणि एक कोंबडी पाय उचलेल तर शपथ. गोरखशेठनं टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला, "चला ग बायांनो, फिरा, सुटी झाली तुमची." नाय. मग तो मोतीरामला म्हणाला, "मोत्या, कोंबड्या खरंच मोकळ्या फिरतात का बघायला हॉटेलवाल्याची तपासणीवाली बाई यायचीय. तिच्यासमोर ह्या अशाच उभ्या राहिल्या ना, तर ह्या काय पिंजऱ्यात परत जात नाय. गाडी बोलावतो आणि सगळ्या कटाईला."

मोतीराम त्या दिवशी जेवला नाय. त्याची बायको वनिता, पेणची, लग्नाआधी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची, बोलायला तिखट पण हात देवाचा. ती शेडमध्ये आली, एक कोंबडी उचलली, तोंडासमोर धरून बघत राहिली आणि म्हणाली, "अवो, हिचे डोळे आखायचे ऱ्हायलेत." मोतीराम म्हणाला, "गो वनिता, ह्यांना आपलं घर हाय हेच ठावूक नाय." आणि तिथंच त्याच्या डोक्यात वीज चमकली.

आमच्याकडं नवीन कोंबडी घरात आणली की बाई तिला चुलीभोवती फेरे घालते, पायांना राख लावते, चुलीपाशी मूठभर कण्या खायला घालते आणि मग सोडते. ती कोंबडी गाव फिरून येईल पण घर चुकणार नाय. सगळे करतात. आता शेडला चूल कुठली? शेठच्या घरी गॅस, तो भिंतीला टेकलेला, त्याच्याभोवती फिरायचं तर भिंत फोडायला लागेल. म्हणून मोतीराम म्हणतो, आपल्या चुलीवर करू. वनिता म्हणाली, "शेठच्या कोंबड्या नि चूल आपली?" हा म्हणतो, "चूल ती चूल."

चुकलं ते इथंच. पण स्वप्नात असलेल्या माणसाला सांगणार कोण?

मग रोज काम सुटलं की डालग्यात कोंबड्या भरायच्या, बांध ओलांडायचा, वनितानं एकेकीला छातीशी धरून चुलीभोवती फेरे घालायचे, नखं कापायची, पायांना राख लावायची, कण्या चारायच्या, आणि अंधार पडायच्या आत परत शेडमध्ये. सगळी तुकडी झाली की पुन्हा पहिलीपासून. वनिता फेरे घालता घालता पुटपुटायची, "माझ्या लग्नात एवढे फेरे नाय झाले." आणि एका संध्याकाळी, तुम्हाला सांगतो, वनिताच्या हातातली एक सुटली, राखेत बसली आणि अशी लोळली, अशी लोळली... पंख पसरले, मान टाकली, डोळे मिटले, राख अंगावर उडवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा पंख पूर्ण उघडला तिनं. आम्ही बघतोय तोवर भाकरी तव्यावर करपली. वनिता म्हणाली, "बरं वाटतंय गो तुला?" आणि पदरानं डोळे पुसले. आणि ते धुरानं नाय. आता मीही तिथं होतो म्हणून सांगतो, मला कोंबडीचं काय कौतुक नाय, पण मला बरं वाटलं. माणसानं स्वप्नं बघावीत, पण कोंबड्यांची... असो.

तपासणीवाली बाई आली. प्रतीक्षा मॅडम. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, आवाज एकदम गोड. "दार उघडा हं दादा, आणि कुणी त्यांना हाकलू नका, त्यांना हवं ते करू दे." गोरखशेठ घामाघूम. मोतीरामनं दार उघडलं. एक कोंबडी उंबऱ्यावर आली, मान तिरकी करून बघितलं, पाय टाकला. मग दुसरी. मॅडम म्हणाल्या, "किती छान." मग सगळी तुकडी. उन्हात पांढरीशुभ्र, वालाच्या शेताच्या कडेनं, एकीमागं एक, घाई नाय, कलकलाट नाय, आणि मोतीराम तिथं उभा, हात जोडलेले, गालावरनं पाणी वाहतंय, आणि भर दुपारी जागेपणी त्याचं स्वप्न बांधावरनं चाललंय.

चाललंय म्हणजे, चाललंच. थांबेना. गोरखशेठ म्हणाला, "मोत्या, ह्या कुठं निघाल्या रे?" बांध ओलांडला, कुंपणाखालनं गेल्या, आणि मोतीरामच्या घरात शिरल्या.

मॅडम मागोमाग घरात. बघतायत तर वलणीवर कोंबड्या, भाताच्या कणगीवर कोंबड्या, चुलीभोवती तर हळदीकुंकवाला जमल्यासारख्या. गोधड्यांच्या चळतीत एक शांतपणे अंडं घालतेय. वनिता कोपऱ्यात परात हातात धरून, बसायला जागा नाय म्हणून उभी. गोरखशेठनं गडी लावून सगळ्या उचलून शेडमध्ये नेल्या, दार उघडलं, परत सगळ्या इकडं. मॅडम म्हणाल्या, "शेठ, दार बंद करायचं नाही, जबरदस्ती करायची नाही. इतक्या निवांत कोंबड्या मी अजून बघितल्या नाहीत. इथंच राहू द्या." गोरखशेठनं श्वास सोडला. मोतीराम हसला. मग मॅडमनी पिशवीतनं टेप काढली, घर मापलं, आणि तोंड बारीक करून म्हणाल्या, "पण इथं गर्दी होतेय. कोंबडीला मोकळी जागा हवी. काहीतरी कमी करावं लागेल."

कोंबड्या कमी केल्या तर हॉटेलवाला जातो. चूल हलवली तर कोंबड्या जातात. सगळ्यांनी घरात नजर फिरवली, आणि फिरत फिरत ती मोतीराम आणि वनितावर येऊन थांबली.

आता ती दोघं शेडमध्ये राहतात. वनिता भाकरी थापायला तेवढी चुलीवर जाऊन येते, तीही कोंबड्यांनी वाट दिली तर. परवा मी बघायला गेलो, तर हा तुसावर आडवा, पंखा चालू, दार उघडं, तोंडावर समाधान. म्हटलं, "काय मोतीराम, जमतंय का हितं?" तर डोळे न उघडता म्हणतो, "झकास. वारा हाय, जागा हाय. सकाळी शेठ येतो, तांदूळ ठेवतो, पाणी बघतो, आमची तब्येत विचारतो, खोक्यांतनं हात फिरवून जातो. अंड्याचं अजून तरी काय बोलला नाय."