ठकीनं कळप वळवला

आमची ठकी तीन वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. तेव्हा राजुरीहून नणंदबाई आल्या आणि ओसरीवर टेकल्या टेकल्या निकाल देऊन मोकळ्या झाल्या, "सुमन, पोरगी मुकी हाय. मनाची तयारी ठेव."

मी म्हणलं, "वन्सं, आमच्या घरात माणसांपेक्षा मेंढरांशीच जास्त बोलणं व्हतं. तिला वेळ लागंल."

"आता कसली बोलतीय ती."

तेवढ्यात मेंढरं कोंडलेल्या वाड्याचं जाळं सुटलं आणि ती थेट शेजाऱ्याच्या कोथिंबिरीकडं निघाली. माझे हात पिठात. वन्सं पदर हलवत मागं पळाल्या, तशी मेंढरं आणखीच उधळली.

ठकी उंबऱ्यावर उभी राहिली. जीभ टाळूला लावली आणि अगदी तिच्या आज्यासारखं लांबलचक "ट्रर्रर्र, हो" केलं. मेंढरं थबकली, वळली आणि तिच्याम्होरं येऊन उभी राहिली.

वन्सं धापा टाकत परत आल्या. "ह्याला काय बोलणं म्हणत्यात व्हय?"

मी भाकरी थापत म्हणलं, "मेंढरांना कळलं, वन्सं. तुमालाच तेवढं कळायचं राहिलं."