निरोगी डोक्याचं चित्र

हॅलो?… हॅलो, दादा?… हो, मीच. अरे, किती वेळ वाजतोय फोन! गॅरेजमध्येच आहेस ना?… मग जरा बाहेर ये, त्या ठोकाठोकीत काही ऐकू येणार नाही तुला… आता?… हं.

नाही रे, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. ते… डॉक्टरीणबाई जुना स्कॅन मागत होत्या ना? तुझी गाठ किती वेगाने वाढतेय ते बघायला?… हो. भराभर वाढत असेल तर लगेच रेडिएशन, नाहीतर थोडं थांबायचं. तर तो सापडला.

कुठला म्हणजे? तुझं डोकं! तीन वर्षांपूर्वी आमचं नवं एमआरआय मशीन तपासायला एक धडधाकट माणूस हवा होता, तेव्हा तुला नाही का धरून नेलं?… हो, हो, तेच. तू फ्रेम करून गॅरेजात लावलंयस ते… माहितीये. 'आत मेंदू आहे, बहिणीने खात्री करून दिलीय.'… वहिनीला अजून पटलेलं नाही? तिचंही बरोबरच आहे म्हणा…

दादा, ऐक ना… अरे, हसू नकोस, ऐक तर.

त्यात गाठ आहे.

त्याच चित्रात… हो, तेव्हापासून. डावीकडे, कानाच्या नसेवर. मसुराच्या दाण्याएवढी. आज सकाळी मोजली. चार मिलिमीटर. आता पंधरा आहे…

नाही, मशीन नाही चुकलं. मशीनने दाखवली होती. मीच बघितली नाही… अगदी शंभरदा बघितलं रे चित्र! कडा रेखीव आल्यात का, कुठे पुसट झालंय का, तेवढंच बघत बसले. आमचं काम तेवढंच. आत काय आहे ते डॉक्टरांनी बघायचं. आणि तू पेशंटच नव्हतास, मग डॉक्टरांकडे कशाला जाईल ते?… दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हाच. वर शोधनिबंधात छापलं मी. खाली लिहिलं, 'निरोगी व्यक्ती'.

काय?… हो, तू इंजिन ऐकताना सीटकव्हर बघत नाहीस. मान्य. पण पांघरूण घालू नकोस, दादा. ओरड माझ्यावर. एकदा तरी ओरड ना…

काय सांगू त्यांना?… हरवला म्हणून सांगू? वेडा आहेस का! माझ्या नोकरीचं माझं मी बघेन. तो स्कॅन नसेल तर त्या थांबायचं ठरवतील, आणि तुला थांबून चालणार नाही… पाठवला. तुला फोन लावायच्या आधीच पाठवला.

हं… आणखी एक आहे. कानात शिट्टी वाजते, ती वर्षभरापासून, असं सांगितलंस ना त्यांना?… वर्षभर नाही, दादा. त्या दिवशी मशीनवरून उठून बूट घालत होतास, तेव्हा म्हणालास, डाव्या कानात शिट्टी वाजतेय. मी म्हटलं, मशीनचा आवाजच तसा असतो, जाईल दोन दिवसांत. तर तू म्हणालास, 'अगं, ही आधीपासून आहे'… तुला आठवत नसेल. मला आठवतंय. माझी मान वर झाली नाही. चित्र इतकं सुंदर आलं होतं…

नाही, सर्दी झालीय… बरं, रडतेय.

हो, विचार ना… नाही रे. डाव्या कानाचं ऐकू येणं परत नाही येणार. रेडिएशनने गाठ थांबेल, गेलेलं नाही परत येत…

तेव्हाच कळलं असतं तर?… आता ते कशाला, दादा… हो. हो, खरं सांगते. बहुतेक कान वाचला असता.

बहुतेक… हो. वाचला असता.

दादा?… हा आवाज कसला?… कुणाची गाडी?… मी कशी सांगणार? मला काय कळतंय इंजिनातलं? तूच तर बॉनेट न उघडता सांगतोस…

काय?… कळत नाहीये म्हणजे?… खडखड ऐकू येतेय… पण कुठल्या बाजूने येतेय, ते… ते कळत नाहीये…

कधीपासून?… आणि गॅरेजातली पोरं काही म्हणत नाहीत?… तू सगळं खोलून बघतोस? दर वेळी?…

दादा, मी येते. आत्ता निघते… नाही, ठेवू नकोस… दादा?

हॅलो?