मार्चमध्ये काढलेली शेगडी

किनाऱ्यावरच्या सैदाच्या स्टँडवर, आत खोऱ्यातल्या झाहलेला जाणारी व्हॅन भरायची वाट बघत होतो. रेडिओवर हवामान चाललं होतं. किनाऱ्यावर उकाडा, आतल्या खोऱ्यांत आठवडाअखेर दव गोठणार. माझ्या पुढच्या बाकावर वयस्क नवराबायको होते, लेकाच्या नावाने एकमेकांना हाक मारणारे.

"ऐकलंत, अबू जाद? गोठणार म्हणे."

"रेडिओवाल्यांना खोऱ्यातलं काय कळतंय?"

"तुम्हीही किनाऱ्यावरचेच. म्हणून तर शेगडी काढून भंगारात दिलीत."

"फेब्रुवारी मार्चकडून थंडीचे चार दिवस उसने घेतो म्हणतात, तेही संपले होते, उम्म जाद. कॅलेंडर बघूनच काढली."

"भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या खोऱ्यात थंडी जुन्या पंचांगाच्या तारखांनी, तेरा दिवस उशिरा जाते, लग्नापासून सांगतेय."

"मग बदाम उगाच फुललाय?"

"बदामाला अक्कल नसते. तुमच्यावर गेलाय तो."

"ब्लँकेटं आहेत की."

"उद्या लेक तान्ह्या बाळाला घेऊन येतेय. त्याला काय तुमच्या मिशांची ऊब देऊ?"

मी पुढे वाकलो. "मी झाहलेचाच. माझी शेगडी न्या, धुराड्याच्या नळासकट."

"आणि तुमच्या घरी? बायको काय म्हणेल?" उम्म जादने विचारलं.

"ती ऑक्टोबरमध्ये गेली. यंदा मी शेगडी पेटवलीच नाही."

उम्म जाद नवऱ्याला म्हणाली, "उतरल्यावर आधी यांच्या घरी. उचलायची तुम्ही." आणि माझ्याकडे वळून, "भाऊ, उद्या जेवायला आमच्याकडेच या. शेगडी नीट पेटली की नाही ते बघायला घरात एक तरी शहाणा माणूस हवा."